आवाजातला चोर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवी माणूस. त्यामुळे मला भाषणाचे बोलावणे येते तेव्हा विषय बहुधा कवितेचाच असतो. या वेळी मी म्हटले, कविता राहू द्या, मला खुनांवर बोलायचे आहे. फोनवरचे गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग मी खुलासा केला, की खून पुस्तकातले आहेत, आणि तेही वाचलेले नाहीत, ऐकलेले आहेत. तेव्हा कुठे त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

गेली चार वर्षे मी ऑडिओबुक, म्हणजे कोणीतरी वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तके ऐकतो आहे. त्यांत रहस्यकथा आणि थरारकथाच जास्त. कुठले पुस्तक कानाला कसे वाटले, ते आज तुम्हाला सांगणार आहे. ही मते माझी आहेत. मी कोणी समीक्षक नाही. साधा बी. ए. झालेला, इंग्रजी जेमतेम समजणारा श्रोता आहे. पण ऐकण्याच्या बाबतीत माझी एक कसोटी आहे आणि ती मला माझ्या अम्मीने दिली. म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

आमचे वडील शिंपीकाम करायचे आणि अम्मी त्यांच्या कपड्यांची काजं-बटणं करायची. तिला कुराणशरीफ वाचता येई, थोडेफार उर्दूही लागे, पण देवनागरी अक्षर येत नव्हते. मराठी बोलायची मात्र अस्खलित. मी सातवी-आठवीत असेन, म्हणजे १९८०-८१ची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. तिथून मी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आणायचो, पुढे सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी आणू लागलो. रात्री जेवणे झाली, की अम्मी सुई-दोरा घेऊन बसायची आणि मी मोठ्याने वाचायचो. दिवसाचे भाडे वसूल व्हायला हवे, म्हणून पुस्तक दोन रात्रींत संपवायचे असा नियम होता.

एकदा मी लबाडी केली. रात्रीपर्यंत दम निघेना, म्हणून दुपारीच शेवटची पाने वाचून टाकली. रात्री पुन्हा वाचायला बसलो. गोष्टीत एक दिवाणजी होता, अगदी गरीब, हात जोडून उभा राहणारा. त्याचे एक वाक्य वाचले आणि अम्मीची सुई थांबली. ती म्हणाली, "आगे का पढ लिया क्या रे तू?" मी म्हटले, "नहीं तो." त्यावर ती म्हणाली, "फिर दिवाणजी का आवाज कायकू बदल्या? तेरे आवाज में चोर आ गया." आणि पुन्हा काजं करू लागली. खुनी दिवाणजीच होता. मी उरलेले प्रकरण वाचले खरे, पण तिने त्या रात्री मान वर केली नाही. तिची दोन रात्रींची मजा मी एका दुपारच्या अधीरपणाने घालवली होती.

मंडळी, रहस्यकथा मोठ्याने वाचणाऱ्याची सारी अडचण या एका प्रसंगात आहे. पुस्तक आपण मनात वाचतो तेव्हा शेवट लेखकाला माहीत असतो, आपल्याला नसतो. पुस्तक ऐकताना मात्र मध्ये एक तिसरा माणूस येऊन बसतो, तो म्हणजे वाचणारा. त्याने शेवट आधीच वाचलेला असतो. पहिल्या पानापासून त्याला गुन्हेगार ठाऊक असतो, आणि तरीही त्याने आपल्याबरोबर अंधारात चालायचे असते. त्याच्या आवाजात चोर येता कामा नये. कीर्तनात असे नसते. तिथे आख्यानाचा शेवट बुवांना ठाऊक असतो आणि समोरच्या आजीबाईंनाही ठाऊक असतो. रहस्यकथेत ते ओझे एकट्या वाचणाऱ्यावर.

माझ्यावर हे ऐकण्याची पाळी आली ती डोळ्यांमुळे. चार वर्षांपूर्वी मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरले. लेसर झाले, डोळ्यात इंजेक्शने झाली. अक्षरांवर कोळिष्टक धरल्यासारखे दिसू लागले. ज्याने आयुष्यभर छापील कागदावर प्रेम केले, त्याला हे किती लागते ते सांगत नाही. मुलीने माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप घातले, कानात बोंडे खोचली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही दादीला वाचून दाखवायचा ना? आता तुम्ही ऐका."

मला वाटत होते, की हे नव्या पिढीचे खूळ आहे. पण थोडी चौकशी केल्यावर कळले, की ही गोष्ट जुनी आहे आणि तिची सुरुवात माझ्यासारख्याच लोकांसाठी झाली होती. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी दिली, तिच्यात अंधांना वाचून दाखवणारी पुस्तके होती. पण त्या वेळच्या नळकांड्यावर काही मिनिटांचाच आवाज मावायचा, कादंबरी कुठली मावणार? ते साधायला पुढे पन्नासहून अधिक वर्षे गेली. पहिल्या महायुद्धात कितीतरी तरुण सैनिक दृष्टी गमावून परतले. त्यांतलाच एक कॅप्टन इयन फ्रेझर. १९१६ साली सोमच्या लढाईत त्याचे डोळे गेले. प्रौढपणी ब्रेल शिकणे अनेकांना जमत नसे, हे तो स्वानुभवाने जाणत होता. त्याच्यासारख्यांच्या खटपटीतून १९३५च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये 'टॉकिंग बुक' सेवा सुरू झाली. नेहमीपेक्षा सावकाश फिरणाऱ्या मोठ्या तबकड्या, एका बाजूवर सुमारे २५ मिनिटे मजकूर. एक कादंबरी म्हणजे तबकड्यांची चळतच टपालाने घरी यायची.

आणि त्या सेवेतल्या अगदी पहिल्या पुस्तकांत कोणते पुस्तक होते? अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. हे कळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. अंधांसाठी निवडायचे म्हणजे काहीतरी बोधप्रद निवडले असेल, असे आपल्याला वाटते. त्यांनी खून निवडला. कारण उघड आहे. अंधारात बसलेल्या माणसाला करमणूक हवी असते, आणि पुढची तबकडी लावण्याची ओढही हवी असते.

आता डोळ्याने वाचणे आणि कानाने वाचणे यांत फरक काय, ते थोडक्यात सांगतो. डोळा उड्या मारतो. कंटाळवाणे वर्णन आले, की तो चार ओळी खाली उतरतो. कानाला उडी मारता येत नाही. त्यामुळे लेखकाने वर्णनात लपवलेला धागादोरा कानातून सुटत नाही. डोळ्याने वाचताना मी फुलदाणी, खुर्ची, घड्याळ यांवरून सरळ पुढे जायचो. आता खुर्ची भिंतीपासून पुढे ओढलेली आहे हे मला ऐकावेच लागते.

उलट कानाचे एक दुखणे आहे. कानाला मागचे पान चाळता येत नाही. पाहुण्यांच्या घरात बारा माणसे असली, की तिसऱ्या प्रकरणात कोण कुणाचा पुतण्या हे विसरायला होते. इंग्रजी नावे तर मला साबणासारखी निसटतात. म्हणून मी एका वहीत जाड काळ्या पेनाने नावे लिहितो. आणखी एक, मी वेग जरा कमी ठेवतो. मुलगी दीडपट वेगाने ऐकते. मी म्हणतो, बाई, खून झालेला माणूस आता कुठे जाणार नाही, एवढी घाई कशाला?

आता पुस्तकांकडे वळू. शेवट कुठलाच सांगणार नाही, निर्धास्त राहा.

पहिले अर्थातच 'रॉजर ॲक्रॉइड'. मूळ पुस्तक १९२६चे. मी ऐकले ते ह्यू फ्रेझर यांच्या आवाजात. दूरदर्शन मालिकेत पॉयरोचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज झालेले हे नट. गंमत म्हणजे या पुस्तकात हेस्टिंग्ज नाहीच. पॉयरो निवृत्त होऊन एका खेड्यात भोपळे लावायला आला आहे आणि शेजारी खून होतो. फ्रेझर यांची खुबी अशी, की ते घरातल्या सगळ्यांना सारख्या सभ्यतेने वागवतात. मोलकरीण असो, मालक असो, नाहीतर उसनवारी करणारा तरुण असो, कोणाच्याही वाक्यावर त्यांचा आवाज रेंगाळत नाही. मी हे पुस्तक दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा तर अम्मी होऊन, चोर पकडायलाच बसलो. सापडला नाही. माझ्या हिशेबी हे रहस्यकथा वाचण्याचे पहिल्या प्रतीचे काम आहे.

ख्रिस्तीचेच दुसरे 'अँड देन देअर वेअर नन', १९३९चे. बेटावर दहा माणसे जमतात. रात्रीच्या जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी लागते आणि एक आवाज प्रत्येकावर खुनाचा आरोप ठेवतो. हा प्रसंग मी कॉलेजात असताना वाचला होता, ठीक वाटला होता. अंधाऱ्या खोलीत, कानात बोंडे घालून ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. कारण आरोप करणारा तो आवाज आता माझ्याही कानात होता. वाचणारे डॅन स्टीव्हन्स हे एकटेच दहा जणांचे बोलणे सांभाळतात. क्वचित एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्यासारखा वाटतो. पण ते चालते, कारण पुढे म्हातारे कमी होत जातात.

शेरलॉक होम्स मी शाळेत भालबा केळकरांच्या मराठीतून वाचला होता. आता स्टीफन फ्राय यांच्या आवाजात ऐकला. २०१७ साली निघालेला हा संच ७० तासांहून मोठा आहे. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. फ्राय यांचा आवाज म्हणजे थंडीतली गोधडी. पण इथे एक इशारा देतो. हा संच एका दमात ऐकू नका. चार कथा लागोपाठ झाल्या, की होम्सचे तर्क अंगवळणी पडतात आणि आश्चर्य सरते. दिवसाला एक कथा, औषधाच्या गोळीसारखी, रात्री जेवणानंतर.

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही १८६८ची कादंबरी. हिच्यातला हिरा मूळचा आपल्याकडचा, सोमनाथच्या मूर्तीचा, आणि पुढे श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्रजांच्या हाती गेलेला. ही हकिगत एकेक पात्र आपापल्या परीने सांगते. म्हाताऱ्या कारभाऱ्याचे सांगणे वेगळे, भाविक आणि खवचट मिस क्लॅकचे वेगळे. अशी पुस्तके कानासाठीच जन्माला आलेली असतात. जुनी, हक्क संपलेली असल्याने ती 'लिब्रिव्हॉक्स'सारख्या, २००५ साली सुरू झालेल्या स्वयंसेवकांच्या संग्रहात फुकट मिळतात. तिथे वाचणारे हौशी असतात. कोणी सुरेख वाचतो, कोणी किराणा मालाची यादी वाचल्यासारखे वाचतो. पण हौशी माणूस अभिनय करायला जात नाही, हा त्याचा गुणच.

नव्या पुस्तकांत 'गॉन गर्ल', २०१२चे. नवरा आणि बेपत्ता बायको यांची आलटून पालटून प्रकरणे. ध्वनिमुद्रणात दोन आवाज आहेत, ज्युलिया व्हेलन आणि कर्बी हेबोर्न. छापील पुस्तकात आपण कोणाच्या बाजूचे ते मनाशी ठरवतो. इथे बाजू आवाज ठरवतो. गोड आवाजाचा माणूस खरे बोलतो असे आपल्याला उगीचच वाटते. या पुस्तकाने माझा तो भ्रम घालवला. मात्र भाषा मोकळीढाकळी आहे, घरात मोठ्या आवाजात लावू नका.

रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने जे. के. रोलिंग यांनी लिहिलेल्या स्ट्राइक मालिकेला रॉबर्ट ग्लेनिस्टर यांचा आवाज आहे. लंडनच्या गल्लीबोळांतली बोलण्याची तऱ्हा ते हुबेहूब उभी करतात. पण २०२२च्या 'द इंक ब्लॅक हार्ट'मध्ये मी हरलो. त्यात इंटरनेटवरच्या गप्पांची पानेच्या पाने आहेत, छापील पुस्तकात ती शेजारी-शेजारी रकान्यांत मांडली आहेत. डोळ्याला रकाने दिसतात, कानाला रकाने नसतात. तीन संभाषणे एकमेकांत मिसळली, की माझी वहीही शरण जाते. दोष वाचणाऱ्याचा नाही. काही पुस्तके कागदासाठीच असतात, एवढेच.

फ्रेडरिक फोर्सिथचे 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ साली आले. मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघाला आहे. द गॉल १९७० साली नैसर्गिक मरणाने गेले, हे जगाला ठाऊक. म्हणजे शेवट आधीच उघडा. तरी आपण धरून बसतो, कारण ओढ 'कोण'ची नसते, 'कसे'ची असते. खोटा पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कशी लपवली. असे पुस्तक वाचणाऱ्याने कारकुनासारखे थंडपणे वाचावे. भाव आणला, की भीती जाते.

आणि माझे सर्वांत लाडके, रिचर्ड ऑस्मन यांचे २०२०चे 'द थर्सडे मर्डर क्लब'. वृद्धांच्या वसाहतीतले चौघे जण दर गुरुवारी जुन्या, न उलगडलेल्या खुनांचा काथ्याकूट करतात, आणि एक दिवस खराच खून होतो. वाचले आहे लेस्ली मॅनव्हिल यांनी. हसता हसता मध्येच एखादी म्हातारी आपल्या विसरत चाललेल्या नवऱ्याविषयी बोलते आणि मॅनव्हिलबाई आवाज जराही ओला करत नाहीत. ओले आपण होतो. तुमच्या घरी कोणी वडीलधारे असतील आणि त्यांना इंग्रजी येत असेल, तर सुरुवात याने करा.

आता मराठीकडे येतो. आपले कान कथेला नवखे नाहीत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला गावोगावी गर्दी लोटायची. वपु, पुलं यांच्या कॅसेट घराघरांत होत्या. विविध भारतीवरचा 'इन्स्पेक्टर ईगल' आम्ही हॉटेलबाहेर उभे राहून ऐकला आहे. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी पुस्तके मोबाइलवर ऐकण्याची सवय वाढली. शिरवळकर, नारायण धारप हे आमच्या लहानपणचे लेखक आता नव्या आवाजांत नव्या पोरांच्या कानांत आहेत. मला याचा फार आनंद आहे. मराठीत चांगले वाचणारे तयार झाले आहेत. धारपांसारख्या भयकथेत तर आवाज न चढवता वाचणाऱ्यांनी माझी झोप उडवली आहे.

पण एक तक्रार आहे, आणि ती मी जरा आवरूनच मांडतो. नाव कोणाचेच घेत नाही. मध्यंतरी एक मराठी थरारकथा ऐकत होतो. त्यात एक मुसलमान मेकॅनिक येतो. लेखकाने त्याच्या तोंडी साधी दोन-चार वाक्ये दिली आहेत, आणि तीही सरळ मराठीत. वाचणाऱ्याने काय करावे? घसा खरखरीत केला, शब्द चावून चावून काढले, सिनेमातल्या गुंडासारखे 'मियाँ'चे हेल काढले. माणूस बिचारा गाडीचा क्लच दुरुस्त झाला म्हणून सांगत होता. पण आवाजात चोर येऊन बसला होता. पुढे तो मेकॅनिक निर्दोष निघाला. लेखकाने त्याला सोडले, वाचणाऱ्याने मात्र पहिल्याच वाक्याला त्याच्या हातात बेडी घातली होती.

मी ते तिथेच बंद केले आणि बराच वेळ बसून राहिलो. लहानपणी असल्या पात्राची वाक्ये मी अम्मीला वाचून दाखवायचो तेव्हा त्याला माझ्या मामूंचा आवाज द्यायचो. मामू एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि अगदी सोलापुरी मराठी बोलायचे. फिरोज इराणी नावाचा नायक मराठी पुस्तकात ऐटीत फिरतो, याचे आम्हा गल्लीतल्या पोरांना केवढे अप्रूप होते! कागद एवढी मोकळीक देतो. पात्राला कोणाचा आवाज द्यायचा ते वाचकाने ठरवायचे. ध्वनिमुद्रणात ती मोकळीक वाचणाऱ्याकडे जाते, म्हणून त्याची जबाबदारी मोठी. हे फक्त मुसलमान पात्रांचे नाही. मोलकरीण म्हटली की सानुनासिक, खेडवळ म्हटला की बावळट, काळी मुलगी म्हटली की बिचारी. लेखकाने न लिहिलेला निकाल आवाज लिहून टाकतो.

मुशायऱ्यात कविता सादर करण्याच्या दोन रीती असतात. एक तरन्नुम, म्हणजे गाऊन. दुसरी तहत, म्हणजे साध्या बोलण्याच्या लयीत, शब्दांवर भरवसा ठेवून. तरन्नुममध्ये टाळी लवकर मिळते. पण शेर किती पाण्यात आहे ते तहतमध्ये कळते. रहस्यकथा वाचणाऱ्याने तहत धरावे असे मला वाटते. पाठीमागे दार करकरल्याचे संगीत नको, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ढोल नको. शेवटचे पान येईपर्यंत प्रत्येकाला निर्दोष माना, एवढी एकच अट. कोर्टात पाळतात तीच.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एक, पुस्तक संपूर्ण आहे की संक्षिप्त, ते आधी पाहा. कॅसेटच्या काळात मोठी कादंबरी तीन तासांत कोंबायचे. संक्षिप्त रहस्यकथेत पहिला बळी धाग्यादोऱ्यांचाच जातो. दोन, घेण्यापूर्वी नमुन्याची पाच मिनिटे ऐका, आणि गोष्टीपेक्षा आवाज ऐका. हा आवाज दहा तास सोबत राहणार आहे. इंग्रजी वाचनाचा वेग तासाला साधारण नऊ हजार शब्दांचा असतो, त्यावरून पुस्तकाची लांबी अजमावता येते. तीन, झोपताना ऐकत असाल तर आपोआप बंद होण्याची वेळ लावा, नाहीतर सकाळी उठल्यावर खुनी पकडलेला असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. चार, रस्ता ओलांडताना ऐकू नका. पुस्तकातले मरण पुरे आहे.

शेवटी एक कबुली देऊन थांबतो. माझ्या ओळखीत एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे, बी. ए.ला आहे. त्याला मराठी पुस्तके हवी तेवढी ऐकायला मिळत नाहीत. मागच्या वर्षी मी ठरवले, की दिसते आहे तोवर मोठ्या अक्षरांत छापून घेऊन त्याच्यासाठी वाचावे. अभ्यासाची दोन पुस्तके झाली. मग तो म्हणाला, "सर, आता काहीतरी चांगलं वाचा ना." मी एक जुनी रहस्यकथा घेतली. दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत मोबाइलवर वाचली. पहिली सहा प्रकरणे त्याला पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, राग मानू नका. पण ती विधवा मावशी आहे ना, ती बोलते तेव्हा तुम्ही जरा हळू वाचता. तीच आहे का हो?"

मावशीच होती. चाळीस वर्षांत मी काही शिकलो नव्हतो. त्याला म्हटले, "तुला काय सांगू? ऐकलेलं सगळं विसर." तो हसला. म्हणाला, "ते कसं विसरणार सर? दुसरं घ्या."

दुसरे घेतले आहे. या वेळी शेवटची पाने मुलीकडे कपाटात ठेवायला दिली आहेत. रोज एक प्रकरण वाचतो, आणि खरोखरच मला ठाऊक नाही, की खून कोणी केला. अम्मी असती तर म्हणाली असती, हेच तू तेव्हा करायला हवे होतेस.